लस घेऊन लोकांच्या दारी

(विशेष प्रतिनिधी)

२०२१ च्या उन्हाळ्यात मुंबईकरांच्या तोंडी एकच प्रश्न होता : लस कुठे मिळेल? कुणी वांद्रे-कुर्ला संकुलातील जम्बो केंद्राबाहेर पहाटेपासून रांग लावत होते, कुणी दादरच्या वाहनतळात गाडीत बसूनच दंड पुढे करीत होते, तर कुणी मोबाइलवर नोंदणीची वेळ मिळावी म्हणून तासन् तास बोटे झिजवीत होते. त्याच दिवसांत परळच्या आचार्य दोंदे मार्गावरील एका जुन्या संस्थेचे नाव पुन्हा बातम्यांत आले. त्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या हाफकिन महामंडळाला कोव्हॅक्सिनच्या उत्पादनासाठी केंद्र सरकारने परवानगी दिली होती. हाफकिन हे नाव मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. मात्र ते एका माणसाचे नाव आहे आणि लस कुठे मिळेल हा प्रश्न या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच माणसामुळे प्रथम पडला, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

वाल्डेमार मॉर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओदेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात ते निसर्गविज्ञान शिकू लागले आणि इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. हेच मेचनिकॉव्ह पुढे रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. परंतु तो काळ अभ्यासात मग्न होण्याचा नव्हता. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओदेसातील ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणासाठी पथक उभारले, त्यात हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांच्या रदबदलीमुळे सुटका झाली खरी, पण पोलिसांच्या वहीत नाव कायमचे चढले.

पदवी मिळाली, संशोधनही मान्यता पावले. प्राध्यापकपद मात्र मिळेना. त्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागणार होता. हाफकिन यांनी नकार दिला आणि काही वर्षे ओदेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात नोकरी केली. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ अध्यापन केल्यावर ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या गुरूपाठोपाठ पोहोचले. तेथे त्यांच्यासाठी एकच जागा मोकळी होती आणि ती ग्रंथालयात. पुस्तके लावता लावता उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

स्वतःच्या दंडावर पहिला प्रयोग

त्या वर्षांत पटकीची साथ आशियातून युरोपात शिरली होती. १८९२ मध्ये एकट्या हॅम्बर्ग शहरात आठ हजारांहून अधिक माणसे तिने नेली. पटकीच्या जंतूचा शोध लागलेला होता, पण त्याच्यावर सर्वमान्य लस नव्हती. हाफकिन यांनी जंतू प्राण्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन त्याचा जोर वाढविला, तसेच त्याचे सौम्य रूपही तयार केले. आधी सौम्य आणि काही दिवसांनी जोरकस अशा दोन टोचण्यांची पद्धत त्यांनी सिद्ध केली. सशांवर आणि गिनीपिगांवर ती यशस्वी ठरली. माणसावर तिचा परिणाम काय होईल, हे पाहण्यासाठी १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर काही मित्रांना टोचण्यात आले.

युरोपातील वैद्यकवर्तुळात या प्रयोगाचे स्वागत थंडपणेच झाले. हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते, वैद्यकीय पदवीधर नव्हते, ही गोष्ट त्यांच्याविरुद्ध आयुष्यभर वापरली गेली. लस सिद्ध करायची तर पटकी जिथे कायम मुक्कामाला आहे तिथे जायला हवे, हे त्यांना कळत होते. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या शिफारशीने वाट मोकळी झाली आणि १८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यात उतरले.

येथून त्यांच्या आयुष्याचा खरा अध्याय सुरू होतो. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. लष्करी छावण्या, तुरुंग, आसामचे चहामळे, कलकत्त्याच्या गलिच्छ वस्त्या अशा ठिकाणी ते गेले. सरकारी इमारतीत खुर्ची मांडून लोकांची वाट पाहण्याऐवजी रोग ज्या वस्तीत शिरला आहे तिथे सामानसुमानासह जायचे, ही त्यांची रीत होती. दुसरा दंडक त्याहून महत्त्वाचा होता : टोचणी ज्याच्या त्याच्या मर्जीने, सक्तीने कुणालाही नाही. सत्ता परक्यांची, सुई परक्याची आणि रोगाचे कारण डोळ्यांना न दिसणारे. अशा परिस्थितीत हा दंडक पाळणे सोपे नव्हते.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काठल बागान वस्तीत पटकी उद्भवली, तेव्हा त्यांना प्रथम विरोधच झाला. लोकांनी दगड हाती घेतल्याचेही सांगितले जाते. बरोबरच्या बंगाली डॉक्टरांनी सर्वांदेखत सुई टोचून घेतल्यावर वस्तीचा नूर पालटला. सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर वस्तीत ज्यांना पटकी झाली, ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. विश्वास आपल्या माणसाच्या दंडावर बसतो, कागदावरच्या आकड्यांवर नाही, हा धडा हाफकिन यांनी तिथे घेतला असावा. १८९५ पर्यंत टोचून घेतलेल्यांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली. पण हिवतापाने त्यांचे शरीर पोखरले आणि उपचारांसाठी त्यांना युरोपात परतावे लागले.

मुंबईत मरी

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाला पाहून निदान केले : प्लेग. धान्याची गोदामे, दाटीवाटीच्या चाळी आणि बंदरातून येणारा माल यांच्या आधाराने रोग झपाट्याने पसरला. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी त्याचा जंतू ओळखला होता. मात्र तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे अद्याप कुणाला ठाऊक नव्हते. त्यामुळे गटारे धुण्यात, भिंतींना चुना फासण्यात आणि माणसांना घरातून उचलून नेण्यात प्रशासनाची सारी शक्ती खर्च होत होती. गिरणीकामगार, हमाल, व्यापारी असे लाखो लोक आगगाडीने आणि आगबोटीने कोकणात, घाटावर, गुजरातेत निघून गेले. त्यांच्याबरोबर रोगही गेला.

हाफकिन तोवर कलकत्त्यात परतले होते. सरकारने त्यांना मुंबईस धाडले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच त्यांचा सरंजाम होता. हाताखालची माणसे थकून जात. हाफकिन मात्र रात्रंदिवस काम करीत राहिले. मांसाच्या रश्श्यात तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू लोंबत्या झुंबरांसारखे वाढू द्यायचे, मग उष्णतेने ते मारायचे आणि टिकाऊपणासाठी कार्बोलिक आम्ल घालायचे, अशी त्यांची पद्धत होती. पटकीची लस जिवंत जंतूंची होती, ही मेलेल्या जंतूंची. तीन महिन्यांत ती तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि तीही दहा घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा किती तरी अधिक. तापाने अंग फणफणले, दंड ठणकू लागला. तरी ते कामावर होते. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी, म्हणजे दीडशेच्या आसपास जणांनी, स्वेच्छेने टोचून घेतले. ज्यांच्या अंगात टोचणीपूर्वीच रोग भिनला होता, ते सोडले तर टोचलेल्यांपैकी कुणीही दगावले नाही. न टोचलेल्यांपैकी सहा जण गेले. मुंबईतील पहिले प्लेग-लसीकरण अशा रीतीने एका तुरुंगात झाले.

सोजिराची धाड आणि हाफकिनची सुई

आता लस होती. लोक यायला हवे होते. इथेच खरी अडचण होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि सरकारला घरात शिरण्याचा, माणसे अलग करण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत त्यामागे होती. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांतून घेतलेल्या झडत्यांनी संतापाची परिसीमा झाली आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या होत्या. सरकारचा प्रत्येक हात जुलमाचा वाटावा, अशा त्या दिवसांत एक परदेशी माणूस सुई घेऊन उभा होता. सुईतून विष देतात, धर्म बाटवतात, पुरुषत्व जाते, अशा अफवांना ऊत आला होता.

या पेचातून वाट निघाली ती सरकारच्या हुकमाने नव्हे, तर समाजातील मान्यवरांच्या पुढाकाराने. खोजा इस्माइली समाजाचे प्रमुख आगा खान तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा. माझगावचे खुश्रू लॉज हे आपले घर त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी खुले केले. खोजा समाजातील हजारो माणसे तिथे आली. टोचून घेतलेल्यांना दाखला दिला जाई आणि तो दाखविणाऱ्यास विलगीकरणाच्या छावणीतून सवलत मिळू लागली. लस घेतल्याचा दाखला जवळ बाळगण्याची सवय मुंबईला कोविडच्या काळात प्रथम लागली, असे समजण्याचे कारण नाही.

मुंबईबाहेरही मागणी वाढू लागली. पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्ये प्लेग आला, तेव्हा हाफकिन तिथे गेले. सुमारे २,२०० जणांनी टोचून घेतले, सुमारे सहा हजारांनी घेतले नाही. न घेतलेल्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश माणसे मृत्युमुखी पडली. घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरास दोनाहूनही कमी होते. टीकाकार म्हणत, टोचून घेणारे सुस्थितीतले असतील, म्हणून वाचले असतील. हा आक्षेप हाफकिन यांनी गांभीर्याने घेतला. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदा संस्थानातील उंढेरा गावी त्यांनी घराघरांतील साधारण निम्म्याच माणसांना टोचले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी माणसे दोन गटांत विभागली गेली. न टोचलेल्या ६४ पैकी २६ जण दगावले. टोचलेल्या ७१ पैकी तीन. आज असा प्रयोग नीतीच्या दृष्टीने प्रश्न उभे करील. पण त्या आकड्यांनी शंकेखोरांची तोंडे बंद केली.

१० ऑगस्ट १८९९ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. याच राजवाड्यात १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या होत्या आणि त्यानंतर गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलला हलले होते. गव्हर्नरीणबाईंना जिथे साथीने गाठले, त्या दालनांत आता साथीवरची लस तयार होऊ लागली. एका खोलीतून सुरू झालेला प्रवास तीन वर्षांत राजवाड्यापर्यंत पोहोचला होता. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवात सरकारने हाफकिन यांना सी. आय. ई. हा किताबही दिला होता.

मुलकोवालची बाटली

वैभवाच्या या शिखरावरूनच घसरण सुरू झाली. पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि तेथील सरकारने लशीची प्रचंड मागणी केली. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून प्रयोगशाळेने पद्धतीत बदल केला. कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. इतर बाटल्यांमधून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

सरकारने मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी आणि कार्बोलिक आम्ल वगळणे हा गंभीर दोष होता, असा निष्कर्ष निघाला. प्रयोगशाळेचा कारभार हाफकिन यांच्याकडून काढून घेण्यात आला. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. ज्याने हजारोंना टोचण्याआधी स्वतःला टोचले, त्याच्यावर एकोणीस जणांच्या मृत्यूचा ठपका बसला होता.

वस्तुस्थिती निराळी होती. मुलकोवालमध्ये ती बाटली उघडताना सहायकाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली मुंबईतून निघाल्यापासून दूषित असती, तर तेवढ्या दिवसांत आतील द्रवाला असह्य दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तशी कोणतीही दुर्गंधी आली नव्हती. हे सारे तपशील आयोगाच्या निष्कर्षात मागे पडले होते. कागदपत्रे प्रसिद्ध होईपर्यंत तर कित्येक वर्षे उलटली.

हाफकिन यांची बाजू अखेर सर रोनाल्ड रॉस यांनी उचलून धरली. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात शोधून नोबेल मिळविलेला हा शास्त्रज्ञ हिंदुस्थानातील वैद्यकसेवेचा कारभार आतून ओळखत होता. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस यांच्यासह दहा जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिले आणि हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नसल्याचे जाहीरपणे मांडले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. तोवर पाच वर्षे गेली होती.

ते परत आले, पण परळला नाही. तेथील संचालकपदावर दुसरी नेमणूक झालेली होती. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पाठविण्यात आले. तिथे त्यांना संशोधनाची मुभा होती, पण माणसांवर लशीची चाचणी घेण्यास परवानगी नव्हती. ज्याने आयुष्य वस्त्यांमध्ये काढले, त्याला आता काचेच्या नळ्यांपुरते बांधून ठेवले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. पुढची वर्षे त्यांनी ज्यू समाजाच्या कार्यात आणि धर्मशिक्षणाला मदत करण्यात घालविली. त्यांनी लग्न केले नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक कर्नल मॅकी यांच्या पुढाकाराने संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. नामकरणाची वार्ता कळल्यावर हाफकिन यांनी कृतज्ञतेचे पत्र पाठविले. आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली आणि तिथल्या प्रत्येक गोष्टीने आपण कसे बांधले गेलो आहोत, हे त्यांनी त्यात कळविले होते. ज्या व्यवस्थेने त्यांना दूर लोटले, तिच्याविषयी कडवटपणा त्यात नव्हता.

पुढे १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळची संस्था सर्पदंशावरील औषधापासून पोलिओच्या लशीपर्यंतच्या कार्याशी जोडली गेली. पण हाफकिन यांचा वारसा बाटल्यांपुरता नाही. लस कितीही गुणकारी असली, तरी ती कुठे, कोणाच्या साक्षीने आणि कोणत्या विश्वासाने टोचली जाते, यावर तिचे यश ठरते. काठल बागानच्या वस्तीत आणि माझगावच्या खुश्रू लॉजमध्ये तो विश्वास मिळाला, म्हणून माणसे वाचली. मुलकोवालमध्ये एक चिमटा मातीत पडला आणि विश्वास त्याबरोबर गेला. पुढची साथ येईल तेव्हाही मुंबईकर विचारतीलच, लस कुठे मिळेल? तेव्हा ती केवळ केंद्रावर पोहोचून भागणार नाही, लोकांच्या दारापर्यंत आणि मनापर्यंत जावी लागेल, याची आठवण परळमधली ती जुनी वास्तू देत राहील.